तीन दिवसांचं सोवळं

शेजारून आंबिलीचा वास आला की मी आजही खिडकी लावून घेतो. ज्वारीचं आंबवलेलं पीठ शिजतानाचा तो आंबटसर, ऊबदार वास भाद्रपदात आमच्या ब्राह्मणपाऱ्यात, हिंदी मुलखातल्या या जुन्या मराठी मोहल्ल्यात, घराघरांतून दरवळतो. महालक्ष्म्या आल्याची ती वर्दीच. लहानपणी त्या वासाने तोंडाला पाणी सुटायचं.

माझा थोरला भाऊ सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात होता. गाता गळा; आरतीला त्याच्याइतकं कोणी रंगत नसे. दारूने आधी तो गळा नेला, मग नोकरी. पुढे पुढे सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय त्याचे हात थरथरायचे थांबेनात. आम्ही त्या पिण्याला व्यसन म्हणालो, नशीब म्हणालो. आजार मात्र कधी म्हणालो नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकदम बंद करू नका, भरती करा, औषधं देऊन सोडवू. पण भरती म्हणजे पाऱ्यात बोभाटा. आई म्हणाली, "सण होऊन जाऊ दे."

सणाचे तीन दिवस घरात सोवळं. म्हणून आदल्या संध्याकाळी त्याला मागच्या खोलीत ठेवलं. कडी मीच लावली. तेवढीच सवय सुटेल, हा माझा दीडशहाणपणा. सकाळी तो दारापलीकडून अगदी शुद्धीत बोलला, "काहून कोंडून राहिला मले? जीव घाबरून राहिला रे. दवाखान्यात ने ना."

"दोन दिवस कळ काढ, दादा."

"हव," तो म्हणाला. त्याने माझं ऐकलं, हेच मला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवत होतो, तेव्हा तो आतून ओरडू लागला, भिंतीवरून किडे उतरून राहिले म्हणून. पाहुण्यांत शोभा नको, म्हणून आम्ही आरतीचा आवाज चढवला. थोड्या वेळाने तो गप्प झाला. "निजला वाटते," आई म्हणाली आणि तिने देवीपुढे हात जोडले. आरतीनंतर मी कडी काढली. झटके येऊन त्याचं अंग आखडलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

"आखिरी बार कब पी थी?" डॉक्टरांनी विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "परसों शाम से एक बूंद नहीं." त्यांच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता मला कळलं, मी काय केलं ते.

वर्षं सरली. आईही गेली. दारूने गेला बिचारा, असं पाऱ्यातले लोक अजून म्हणतात, आणि मी मान हलवतो. जाताना तो प्यायलेला नव्हता, हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.