नव्या बिजागऱ्यांना गंज

त्या वर्षी उदगीरला पाऊस फिरकला नव्हता, पण उदगीर जिल्हा होणार ही बातमी मात्र दर आठवड्याला येऊन जात होती. मी शिकवत होते त्या शाळेच्या चालकांनी ती फारच मनावर घेतली. जिल्ह्याच्या गावची शाळा पुण्या-मुंबईच्या मागे राहून कसं चालेल, म्हणून त्यांनी हॅलोवीन नावाचा भुतांचा सण करायचं ठरवलं. दुष्काळात तेरावा महिना! भूत जिच्यातून उठणार त्या लाकडी पेटीला गंजक्या बिजागऱ्या आणि साखळी लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वर अट अशी, की भंगारातला माल नको, पोरांना लागलं तर धनुर्वात होईल. म्हणजे कोरा माल घ्यायचा आणि त्याला म्हातारा करायचा.

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, उभा जन्म लोखंडी सामानाचं दुकान चालवलं. दम्यामुळे ते बंद केलं, तेव्हा उरलेला माल घरातच पडून होता. माझी मागणी ऐकून त्यांनी विभूती लावलेल्या कपाळावर हात मारला.

"जलमभर गंज चढू नये म्हणून तेलाचा बोळा फिरवला म्या, अन् माझी लेक पगार घिऊन गंज चढवायलीय!"

पण हातातलं कसब त्यांना गप्प बसू देईना. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "नव्या मालावर जस्त असतंय बाई. ते आधी ॲसिडनं उडव. मग मीठ अन् व्हिनेगर लावून उन्हात ठिव. दोन दिसांत लाल हुतंय."

दुपारी आप्पा आत आडवे पडले होते. मी न्हाणीतली बादली पुढे ओढली. तिच्या तळाशी पांढरा साका होता. टँकरचं पाणी हौदात पडलं की आम्ही त्याच बादलीत ब्लीचिंग पावडर कालवत असू. एरवी मी ती विसळली असती. पण टँकर आठवड्यानं यायचा, आणि बादली विसळण्यात पाणी घालवणं आमच्या घरी पाप होतं. तशाच बादलीत बिजागऱ्या टाकल्या आणि वरून संडासाचं ॲसिड ओतलं.

भसकन पिवळट धूर वर आला. नाकाडोळ्यांत आग झाली, श्वास घ्यायला गेले तर छाती आवळली. मागच्या दारानं मी अंगणात पळाले आणि भिंतीला धरून खोकत राहिले. तेवढ्यात आतून दुसरा खोकला ऐकू आला. माझा आवाज ऐकून आप्पा मला शोधायला न्हाणीत शिरले होते.

एवढी मी जन्मात कधी घाबरले नाही. कशीबशी ओढणी तोंडावर दाबून आत गेले, तर ते दाराला धरून वाकलेले, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट. त्यांना ओढत अंगणात आणलं. ओठ निळे पडले होते, छातीतून शिट्टी वाजत होती. खिशातला दम्याचा पंप काढून तोंडाला लावला. डोळे त्यांना उघडताच येत नव्हते. आप्पा आंधळे झाले, आता आप्पा जातात, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

अंगणातल्या हौदाचं झाकण काढून मी तांब्यानं त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतू लागले. एक तांब्या, दोन, तीन. पाणी गालांवरून मातीत मुरत होतं. हौदाचा तळ दिसत होता आणि टँकरला अजून चार दिवस होते.

"पुरे बाई," आप्पा म्हणाले, "पाणी जपून."

मी रडत पुन्हा ओतायला लागले. शेजारच्यांनी ऑटो आणला, दवाखान्यात नेलं. आप्पा वाचले, नजरही शाबूत राहिली. पुढं आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "म्या नको नको म्हणलं तरी लेकीनं सारा हौद उपसला!"

मी तिथून उठून जायची. त्या दिवशी त्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणून त्यांना कळलं नाही. ते 'पुरे' म्हणाले, त्याच्या आधीच हौदाचा तळ बघून माझा हात थांबला होता.