हळदीआधीची हळद

आमच्या बोईसरच्या कारखान्यात आरोग्य शिबिर म्हटलं की आम्ही वजन करायचो, बिस्किटं खायचो आणि सटकायचो. त्या दिवशी मात्र दवाखान्याच्या समुपदेशक ताईंनी कॅन्टीनचं दार लावून घेतलं आणि आम्हा वीस जणांच्या हातात पाण्याचे ग्लास दिले. ताई मुरबे गावच्या, कोळीवाड्यात वाढलेल्या. गोंगाटाला त्या काय दबणार!

"प्यायचं नाय. ज्याच्याशी वाटेल त्याच्याशी थोडं पाणी बदला."

कोणी पाच जणांशी बदललं, कोणी सहा. काही ग्लासांवर ताईंनी प्लास्टिक ताणून बसवलं होतं. ते नुसतेच एकमेकांना टेकवले. मी शहाणा, एकाच मित्राशी बदललं. वीस दिवसांवर माझी हळद होती, उगाच कशाला चेष्टा ओढवून घ्या.

मग ताईंनी झाकणं काढून प्रत्येक ग्लासात चिमूटभर हळद टाकली. पहिला ग्लास लालभडक झाला तसा एक जण म्हणाला, "लाल आया! इनाम क्या है?" टाळ्या पडल्या. लाल म्हणजे कुंकू, लाल म्हणजे शुभ, हेच आमच्या डोक्यात. ताईंनी टाळ्या थांबू दिल्या.

"एकाच ग्लासात चुन्याची निवळी होती. तो एचआयव्ही समजा. बघून कोणाला कळला?"

कोणालाच नाही. झाकलेले ग्लास तेवढे सगळे पिवळे राहिले. झाकण म्हणजे निरोध, हे कोणाला समजावावं लागलं नाही. माझा ग्लास मात्र लाल.

"पण ताई, मी तर एकाशीच..."

"त्यानं किती जणांशी बदललं, तुला म्हाईत हाय?"

दोन वर्षांपूर्वी मीही 'एकदाच तर' म्हणून स्वतःला माफ केलं होतं. तेव्हा निरोध नव्हता. सगळे गेल्यावर ताईंना ते सांगितलं, लग्न ठरल्याचंही. त्यांच्या कपाळावर आठी नाही, उपदेश नाही. "चाचणी करून घे. आन् पोरीला सांग," एवढंच. असल्या विषयावरच्या पोस्टरांना मी कायम हसत आलो होतो. या बाईनं चिमूटभर हळदीत माझं तोंड बंद केलं. मी त्यांना मानतो ते तेव्हापासून.

होणाऱ्या बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रिपोर्ट बघितल्याशिवाय मी अंगाला हळद लावायची नाय."

रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिनं तो दोनदा वाचला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

हळदीला एडवणच्या आमच्या अंगणात वहिनीनं गालाला, हाताला हळद फासली. सगळे नाचत होते. मी आपला तळहात उघडून बघत होतो. पिवळाच होता.