चिंधाच्या खांद्यावरचा हिरो

शी! दोन पोलिसांचा पिक्चर म्हणे. एक गोरा, उंचापुरा, तो हुशार. दुसरा काळा, काटकुळा, तो येडा. गोरा मारतो, काळा मार खातो, मध्येच कुणीतरी पादतं, आणि लोक पोट धरून हसतात. असला घाणेरडा प्रकार आमच्या चोपड्याकडच्या केळीच्या बागेत शूट केला, आणि त्यातला काळा काटकुळा म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ, चिंधा.

चिंधा केळीचे घड वाहतो. एकजण कोयत्याने घड कापतो आणि दुसरा खाली खांद्यावर गादी ठेवून तो झेलतो. घड जमिनीला लागला की डागाळतो, मग व्यापारी नाक मुरडतो. चिंधाच्या हातून आजवर एक घड पडला नाही. मी, बेबाबाई, त्याच बागेत केळ्यांच्या फण्या धुऊन खोक्यात भरते, म्हणून छातीठोक सांगते.

गावातल्या कार्यक्रमात त्याने एकदा लंगड्या सावकाराची नक्कल केली. ती धुळ्याच्या आकाशने पाहिली. हा आकाश मोबाईलवर दाखवायचे अहिराणी पिक्चर काढतो. त्याने चिंधाला पहिल्या पिक्चरमध्ये नोकर केला आणि शेवटपर्यंत थोबाडीत खायला लावल्या. बाजारात गेलं की पोरंटोरं याच्या गालाकडे बघून टाळी वाजवायची. आणि हा शहाणा हसायचा! मुकी बिचारी कुणीही हाका, तसा माणूस.

त्याची पोरगी प्राची मात्र हसली नाही. ती जळगावला राहून पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे ग्राउंडवर पळते, दिवसा दुकानात काम करते. बाप आता पिक्चरमध्ये पोलीस होणार कळल्यावर तिचा फोन आला. "आबा, पिक्चर करा, हौस आहे तुमची. पण खाकी अंगावर असताना कुणाची थोबाडीत खाऊ नका. मला शब्द द्या." चिंधाने शब्द दिला. आकाशनेही आईची शपथ घेतली: या खेपेला चापट नाही, उलट शेवटी चोर चिंधाच धरणार.

मेल्याची आई काय म्हणत असेल देव जाणे.

गोरा पोलीस झाला होता राजदीप. जिममध्ये फुगवलेले दंड, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि माझ्या भावाला हाक मारायची तर "ए नमुन्या!" मारामारीच्या सीनसाठी त्यांनी चांगले भरलेले घड तोडले आणि एकमेकांच्या डोक्यात घातले. बागभर केळ्यांचा रेंदा. त्यातच जेवले, त्यातच पत्रावळी फेकल्या, त्यातच थुंकले.

शेवटचा सीन. चोर पळतोय, चिंधा त्याच्या मागे, आणि राजदीप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून ओरडतोय. ट्रॉलीत केळीची ओली पानं होती. त्याचा पाय सटकला आणि तो तोंडावर खाली यायला लागला. खाली नांगर पडलेला, फाळ वर. आम्ही बायका किंचाळलो. चिंधा चोर सोडून दोन ढांगांत आला, खांदा दिला आणि एवढं धूड अलगद झेललं. घड झेलावा तसं. राजदीपला खरचटलंसुद्धा नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात खांद्यावर लोंबकळणाऱ्या राजदीपला दिसलं की कॅमेरा चालू आहे. त्याने वरूनच हात फिरवला आणि चिंधाच्या गालावर सणसणीत ठेवून दिली. "चोर कुठंय, नमुन्या?"

जीव वाचवला रे त्याने तुझा! थू तुझ्या जिंदगानीवर.

चिंधा त्याला तसाच खांद्यावर घेऊन पाटाच्या कडेपर्यंत चालत गेला आणि खांदा झटकला. राजदीप धपकन पडला. चिंधाने खाकी शर्ट काढला, घडी घालून ट्रॉलीवर ठेवला आणि बनियनवर घरी गेला.

पिक्चर आला. रविवारी प्राची घरी आली होती, आम्ही तिच्याच मोबाईलवर बघितला. राजदीपने मारलेली ती चापट त्यात होती. ढोल वाजवून तीनदा दाखवली होती. पण पुढचं सगळं कापलेलं! शर्ट काढलेला नाही, राजदीपला खाली टाकलेलं नाही, काही नाही. गालावर हात धरलेला चिंधा आणि समाप्त. नाचवायला माझा भाऊ, झाकायला तुमची अब्रू, होय रे भडव्यांनो?

प्राचीने मोबाईल उलटा ठेवला. "आबा, तुम्ही शब्द दिला होता. उद्या ग्राउंडवर पोरं हेच लावून दाखवतील मला."

चिंधा खाली मान घालून बोटं मोडत बसला. मग माझंच डोकं फिरलं. ट्रॉलीपासून शर्टाच्या घडीपर्यंत बठ्ठं सांगून टाकलं तिला.

प्राची बापाकडे वळली. "आबा, फुई म्हणते ते खरं? तुम्ही त्याला खाली टाकलं? तुम्ही?"

"टाकं ना मी त्याले," चिंधा म्हणाला. मग लाजल्यासारखा, "पन आधी खाले चिखल शे का, ते देखीसन टाकं."

प्राची हसता हसता रडायला लागली आणि बापाच्या त्याच खांद्यावर डोकं ठेवलं. मी असते तर चिखल नाही, दगड बघितला असता.