कसालच्या बाजारातला जेलब्रेक

ती घटना आजही आठवली की भाकरी थापता थापता मला एकटीलाच हसू येतं. अधिकारी निवृत्त झाले की आपल्या केसेस लिहून काढतात. मी अधिकारी नव्हते. पोलीस ठाण्यात झाडू मारायचा, फरशी पुसायची, पाणी भरायचं, हे काम मी वीस वर्षं केलं आणि गेल्या वर्षी थांबले. शिक्षण चौथी. पण एक केस माझीही आहे, ती या वहीत लिहून ठेवते. नाव कोणाचंच लिहीत नाही, एवढी शिस्त ठाण्यात शिकले.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदार, म्हणजे फोन घेणारे आणि डायरी लिहिणारे आमचे हवालदार, चहाची वाट बघत होते. फोन वाजला. पलीकडे बाईचा आवाज, इतका बारीक की हवालदारांनी दुसऱ्या कानात बोट घातलं.

“कसालच्या बाजारात जेलब्रेक करतत. उघड्यार. कोणीतरी बघा हो,” एवढं बोलून तिने फोन ठेवला.

हवालदारांनी शब्दाला शब्द डायरीत नोंद केली. साहेबांनी ती वाचली आणि टोपी डोक्यावर चढवली. तुरुंग फोडून कैदी पळाले आणि ते कसालच्या बाजारात फिरताहेत, असा अर्थ लावला गेला. वायरलेसवरून संदेश गेला. गोव्याच्या बाजूला इन्सुलीला नाकाबंदी, मुंबईच्या बाजूला तळेऱ्याला नाकाबंदी. त्यानंतर कोणाला तरी सुचलं की तुरुंगातही विचारावं.

“सगळे आहेत,” तिकडून उत्तर आलं. “एक कमी भरत होता, तो संडासात सापडला.”

“परत मोजा,” साहेब म्हणाले.

“परत मोजले. आता एक जास्त भरतोय. बहुतेक आमचा शिपाई मोजला गेला.”

मी फडकं हातात धरून दाराशी उभी होते. ‘जेलब्रेक’ हा शब्द मला माहीत होता. चौथीत शाळा सुटली, पण वाचायची हौस सुटली नाही. एसटीची वाट बघताना मी समोरचे बोर्ड अक्षर अक्षर लावून वाचते. कसालच्या थांब्यासमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या काचेवर झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि त्याखाली पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं: ‘गेमचे मशीन जेलब्रेक करून मिळेल. साठ खेळ भरून.’

पण साहेबांसमोर बोलायचं कसं? ते बदलून येऊन दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मी त्यांना ‘पाय उचला’ एवढंच सांगितलं होतं, तेही हाताने. मी बादली उचलली आणि मागच्या पडवीत गेले.

दुपार झाली. इन्सुलीला शिपाई उन्हात उभे राहून गाड्या तपासत होते. कैदी मिळाला नाही, गोव्याची दारू मात्र मिळाली. इकडे फोनच्या नंबरावरून त्या बाईचा पत्ता लागला आणि तिला बोलावून घेतलं. तिशीची असेल. सोबत सासू. मी कोपऱ्यात फरशी पुसत होते.

“किती पळाले?” हवालदारांनी विचारलं.

“कोण?”

“कैदी!”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. हवालदारांनी आवाज चढवला. “खोटी खबर दिलीस तर तुझ्यावरच गुन्हा दाखल होईल.”

ती सासूच्या मागे सरकली. “माका आत घालतले?”

सासू उसळली. “माझी सून कोणाक पळवन लावची नाय हो! ती कोंबडी धरूक गेली तर कोंबडीच तिका पळवता!”

कोणी हसलं नाही. सून माझ्याकडे बघत होती. गप्प बाईला गप्प बाई ओळखू येते. आता आपण तोंड उघडलं नाही तर हिला पाप नसताना शिक्षा होईल, असं वाटलं आणि माझा आवाज आपोआप निघाला.

“साहेब, कैदी नाहीत. मशीन आहे. कसालला बोर्ड आहे तसा.”

साहेबांनी हवालदारांकडे पाहिलं. “ह्या बोलतात?”

मी तिच्याशेजारी बसले. “भिया नको गो. कसला मशीन? सगळा सांग.”

मग तिने सांगितलं. नवरा मस्कतला हॉटेलात कामाला. शुक्रवारी त्याला सुट्टी. त्या दिवशी तो तिकडून आणि ही इकडून, दोघं टीव्हीवर गाड्यांची शर्यत खेळायची. बोलायला दोघंही लाजरी, पण खेळताना हसायची, भांडायची.

“आणि ही तेका हरयता!” सासूने मध्येच अभिमानाने सांगितलं.

दुकानदाराने तिला दोन मशीनं दाखवली होती. एक साधं, सोबत एकच खेळ, तो खरा आणि महाग. दुसरं जेलब्रेक केलेलं, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून आत चोरीचे साठ खेळ भरलेलं, आणि स्वस्तात. नवऱ्याचा घाम आठवून तिने साठवालं घेतलं. तिसऱ्या शुक्रवारी पडद्यावर अक्षरं आली. मशीनमध्ये फेरफार केल्यामुळे कंपनीने ते इंटरनेटच्या खेळातून कायमचं बाद केलं होतं. खरा खेळ आणून घातला तरी आता जोडी लागणार नव्हती.

“थंय ते वाट बघीत बसले,” ती म्हणाली. “दुकानदाराक विचारलंय तर म्हणता, तू इंटरनेटाक लावलंसच कित्याक?”

बोर्ड दाखवायला मला जीपमध्ये घेतलं. पंच म्हणून शेजारच्या मिठाईच्या टपरीवरचा खाजेवाला आणि एक शिंपी. हवालदार काचेसमोर उभे राहिले आणि कान खाजवू लागले. ठाण्याचे झेरॉक्स ते दर आठवड्याला तिथेच काढायचे.

दुकानदार हात जोडून म्हणाला, “साहेब, जेलब्रेक म्हणजे मशीनची आतून साफसफाई फक्त.”

“आमची साफसफाईवाली सोबतच आहे,” साहेब म्हणाले. “काय मावशी, साफसफाईत साठ वस्तू आत भरतात?”

“नाही साहेब. बाहेर काढतात.”

खाजेवाला इतका हसला की पंचनाम्यावरची त्याची सही वाकडी आली. दुकानदार मटकन स्टुलावर बसला आणि त्याने खेळ भरायची डिस्क स्वतःच काढून दिली. मशीनं सील झाली. मुद्देमालाच्या यादीत शेवटी लिहिलं, ‘पुठ्ठ्याचा बोर्ड, एक.’ चोरीचे खेळ विकल्याचा आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. त्या बाईचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला, आरोपी म्हणून नाही. तिचं मशीन मात्र पुराव्यात गेलं.

चतुर्थीला नवरा आला, तो साधं मशीन घेऊन. तो परत गेल्यावर ती ठाण्यात आली, माझ्या हातात खाज्याची पुडी ठेवली.

“मावशी, ह्यात एकच खेळ आसा. साठ होते तेव्हाय मी ह्योच खेळी होतंय.” मग हळूच म्हणाली, “परवा परत हरयलंय तेंका.”

स्वस्त आणि पुष्कळ दिसलं की आपल्याला नेमकं काय हवं होतं ते माणूस विसरतो, हे मी तिच्यावरून शिकले. स्वतःवरून शिकले ते वेगळं. मला माहीत असलेली एक ओळ मी सकाळीच बोलले असते, तर ते शिपाई दुपारपर्यंत उन्हात तापले नसते आणि ती बाई घाबरली नसती.

म्हणून आता मी बोर्ड मोठ्याने वाचते. परवा थांब्यावर शेजारच्या बाईने विचारलं, “कोणाशी बोलतंस गो?”

मी म्हटलं, “कोणाशी नाय. नाकाबंदी टाळतंय.”