दोन पियानो आणि गंगेवर दिलेला शब्द

त्या दुपारी आम्ही दोन्ही पियानो एकामागून एक वाजवले. बायको मधे पाटावर बसून मटार सोलत होती. एक विलायती नाचाची चाल दोन्हींत होती, त्यामुळे ताडून बघायला सोपं जायचं.

"तुमचा कॅम्पातला अजून घाईतच पळतोय," ती म्हणाली.

"तुझा इराण्याचा रेंगाळतोय, ते बघ."

हे भांडण कित्येक वर्षं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

ज्यांनी असा पियानो पाहिला नाही त्यांना सांगतो. फटीत नाणं टाकलं की आतला लाकडी रूळ फिरतो, रुळावरच्या खुंट्या हातोड्या उचलतात आणि तारा वाजतात. वाजवणारा लागत नाही. आताचा हलका रुपया त्याला चालत नाही, जुना ढब्बू पैसाच लागतो. एक पियानो एकोणीसशे नव्वदच्या सुमारास देवळाली कॅम्पातला बंगला रिकामा होताना मिळाला, दुसरा नंतर बंद पडलेल्या इराणी हॉटेलातून. मी चौथी शिकलेला, ओझरच्या कारखान्यात रंगकाम केलेला माणूस. एसटीनं पुण्या-मुंबईला जाऊन आम्ही असे आणखी ऐकून यायचो आणि घरी आपल्यांशी ताडून बघायचो. लोक हसायचे. हसोत.

दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. ऊन चढलं. मेलेल्याचं मन कशात अडकलंय याचा अंदाज करत लोक एकेक शब्द देऊ लागले. आमच्या मुलीला अंतर देणार नाही म्हणून झालं, तरी नाही. तेवढ्यात बायकोचा धाकटा भाऊ हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "अक्का, तुझे दोन्ही पियानो विकू आणि तुझ्या नावानं अन्नदान करू." नेमका तेव्हाच कावळा आला. "शिवला, शिवला" म्हणत सगळे उठले.

मला कोणी विचारलं? कावळ्याला भूक लागली, तो आला. पियानो त्याला काय ठाऊक?

परतताना रिक्षात मेव्हण्यानं सांगितलं की गंगापूर रोडचा एक हॉटेलवाला तयार आहे. आतलं सगळं काढून तो बाटल्या ठेवायची कपाटं करणार. हे मला आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगितलं.

"शब्द तू दिलास, मग तुझं घर विक," मी म्हटलं.

"दाजी, गंगेवर दिलेला शब्द आहे. मोडला तर अक्काला गती नाही. हवा तर एक ठेवा."

"एकट्याला कशाशी ताडून बघू?"

"चिडू नका. उद्या सकाळी टेम्पो आणतो."

घरी आलो तर पाहुणेही त्याच्याच बाजूचे. माझं डोकं फिरलं होतं, पण आत एक गोष्ट टोचत होती. अन्नदानाचं खरंच तिच्या मनात असेल तर? दारावर आलेल्याला तिनं कधी उपाशी पाठवलं नाही. पियानो विकायचं मात्र तिच्या तोंडी घालायचा अधिकार कुणाच्या बापाचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून मोठं पातेलं मागून आणलं. "अहो, तेरावा व्हायचाय अजून," शेजारीण म्हणाली. मी ऐकलं नाही. दारात विटा मांडून खिचडी टाकली. पेठ-सुरगाण्याकडचे मजूर कामासाठी नाक्यावर उभे असतात, त्यांना बोलावून आणलं. खिचडी खाली लागली, मीठही जास्त पडलं. तरी ते पोटभर जेवले.

मेव्हणा टेम्पो घेऊन आला तेव्हा दुसरी पंगत बसत होती.

"तुझ्या अक्काच्या नावानं अन्नदान चाललंय," मी म्हटलं. "टेम्पोवाल्यालाही बोलाव आणि तू बस त्याच्या शेजारी."

त्याच्यापुढे पत्रावळ टाकली आणि वाढलं.