वीस सेकंदांत बंद पडणारी करवत

आक्का चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. माझं शिवणकामाचं दुकान तिच्या वर्कशॉपला लागून, मधे नुसती फळ्यांची भिंत. पंधरा वर्षांत तिचा प्रत्येक सूर मला पाठ झालाय. फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशीन, चेनसॉ म्हणजे झाडं कापायच्या इंजिनाच्या करवती, छोटं इंजिन असलेलं काहीही ती दुरुस्त करते. दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, अण्णांचं. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र थरथरतच राहिला. तेव्हापासून पाना आक्काच्या हातात आणि अण्णा दाराशी स्टुलावर.

त्या दिवशी अकराच्या सुमारास झाडं तोडणारा मुकादम आला आणि त्यानं आपली चेनसॉ तिच्या टेबलावर आपटली.

"ही घ्या तुमची धार लावलेली मशीन! आज एका बाईचा जीव जात होता!"

शाळेच्या सायकल शेडवर झुकलेली फांदी कापायला तो शिडीवर चढला होता. करवत सुरू झाली, फांदीत अर्धी घुसली आणि बंद पडली. दोरी ओढली की सुरू, काही सेकंदांत पुन्हा गप्प. वैतागून तो दुसरी मशीन आणायला खाली उतरला, तेवढ्यात फांदी आपल्याच वजनानं फाटली आणि शेडचे पत्रे घेऊन खाली आली. शाळेची शिपाईबाई त्याच शेडमध्ये बसली होती. कुणीतरी ओरडलं म्हणून ती उठली आणि वाचली.

"फांदी कापताना खाली माणूस कसं होतं?" आक्कानं विचारलं. अगदी हळू. मी कात्री खाली ठेवली आणि बाहेर आलो.

"विषय बदलू नका. आठ दिवसांपूर्वी इथून नेली, आज पहिल्यांदा चालवली. बाईमाणसाच्या हाती इंजिन दिलं की हे असंच व्हायचं. सगळ्यांना सांगणार आहे मी."

"खुशाल सांगा. पण आधी इथं उभं राहून बघा."

तिनं दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. मुकादमानं घड्याळाकडे बघितलं. वीस सेकंदांनी आवाज बारीक झाला, इंजिनानं दोन आचके दिले आणि संपलं. "बघा!" तो म्हणाला.

आक्कानं मशीन उघडली. एअर फिल्टर काढला, स्वच्छ. प्लग काढला, कोरडा, रंग ठीक. सायलेन्सरची जाळी काढली, काजळी नावालाच, तरी ब्रशनं घासली. टाकीतला पेट्रोलचा फिल्टर आकड्यानं बाहेर ओढला, तोही ठीक. प्रत्येक वेळी जोडायचं, दोरी ओढायची, वीस सेकंद, बंद. मग कार्बोरेटरचे स्क्रू बघितले, तर त्यांची डोकी ओरबाडलेली.

"हे कुणी पिळले?"

"बंद पडली म्हणून मीच जरा फिरवून बघितले," मुकादम म्हणाला.

"जरा? मग माझ्याकडे कशाला आलात? डॉक्टरकडे जाताना पोट स्वतः फाडून जाता का?"

तिचे कान लाल झाले होते. स्क्रू पहिल्यापासून जुळवून तिनं पुन्हा दोरी ओढली. वीस सेकंद.

तेव्हा स्टुलावरून अण्णा म्हणाले, "टाकीचं झाकण सैल करून बघ."

तिनं झाकण अर्धा आटा फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली. दोरी ओढली आणि करवत चालायला लागली. एक मिनिट, दोन मिनिटं, थांबायचं नाव नाही. पेट्रोल संपत जाईल तशी त्याच्या जागी हवा यायला टाकीला एक बारीक नळी असते. ती तुंबली की टाकी पेट्रोल सोडत नाही. आक्कानं मशीन बंद केली, नळीत टोचा घातला, तर आतून भेगा बुजवायच्या करड्या लांबीचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा निघाला. कचरा नव्हता तो. कुणीतरी मुद्दाम भोक बुजवलं होतं.

ती मुकादमावर तुटून पडणार, असं मला वाटलं. पण ती वळली अण्णांकडे. हात न लावता त्यांना नेमकं झाकणच कसं सुचलं?

अण्णांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

"तू बहिणीकडे गेली होतीस," ते म्हणाले. "धार मी लावली. तेव्हा टाकीपाशी एका जागी पेट्रोल पाझरत होतं. मला वाटलं, तडा आहे, म्हणून लांबी भरली."

आक्का मुकादमाकडे वळली. "चूक आमच्या दुकानाची. मशीन आत्ता नीट करून देते. शाळेत येऊन त्या बाईंची माफी मी स्वतः मागेन. खाली माणूस बसलेलं असताना करवत चालवलीत, त्याची माफी तुम्ही मागा. माझ्यासमोर."

मुकादम हसला. "म्हाताऱ्याला घरी बसवा आता, आक्का."

"ते कुठं बसायचं ते तुम्ही नाही ठरवायचं." हे ती इतक्या हळू म्हणाली की तो एक पाऊल मागे सरकला.

मशीन घेऊन तो गेल्यावर तिनं टोचा टेबलावर फेकला. "चाळीस वर्षं इंजिनं उघडलीत तुम्ही! हवेची नळी ओळखता आली नाही? आणि मला सांगितलं का नाही?"

"कधी सांगू?" अण्णांचा आवाज चढला. तीन वर्षांत तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "मी पान्याला हात लावला की तू काढून घेतेस. बोलायला लागलो की तू वाक्य पुरं करतेस. धार कुणी लावली हे तरी विचारलंस का? डोळे अंधुक झालेत माझे, तेही मी कुणाला सांगायचं? भिंतीला?"

आक्कानं शटर अर्धं ओढलं. मग ती आत गेली. दुपारभर फळ्यांपलीकडून भांडणच ऐकू येत होतं. मी मधे पडलो नाही.

संध्याकाळी ती शाळेत जाऊन माफी मागून आली. मुकादम तिकडे फिरकलाच नव्हता. त्याची कामं घेणं तिनं बंद केलं आणि का, ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, स्वतःच्या दुकानाच्या चुकीसकट. पुढच्या आठवड्यात अण्णांना चष्मा आला. आता ते टेबलाशी बसतात, ती त्यांच्या समोर. जे उघडलं, जे बुजवलं, ते मोठ्यानं बोलायचं, असं ठरलंय. त्यामुळे दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसत असतात, आणि माझी गिऱ्हाइकं विचारतात, शेजारी काय चाललंय म्हणून.