पोर्तुगीज चौलचा प्रश्न

गावच्या वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी रोज सकाळी सातला एक प्रश्न टाकते. विषय एकच, आपल्या किनाऱ्यावरची पोर्तुगीज वसाहत. चार पर्याय, उत्तर संध्याकाळी. हे काम घेतलं तेव्हा मी उरणला राहत होते. न्हावा शेव्याच्या एका ऑफिसात कंटेनरचे नंबर संगणकावर चढवत होते.

सुरुवातीला माझे प्रश्न पत्रकासारखे व्हायचे. 'ज्यांच्या पाठीवरून तटाचे दगड गेले, त्यांची नावं कुठेच का नाहीत?' खाली पर्यायच नाहीत. ग्रुपवर कोणीतरी लिहायचं, "ताई, चहाबरोबर झेपंल असं विचारा." वळणच तसं होतं. माझं लहानपण आबांच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. आबा म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. शाळा सुटली की बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या 'जाहीर निषेधा'वरून.

त्याच आबांशी मी आठ महिने बोलले नव्हते. किनाऱ्यावर रिसॉर्ट नको म्हणून त्यांनी आयुष्यभर लिहिलं, आणि मग एक पत्रक रिसॉर्टच्या बाजूनं काढलं. गावातल्या पोरांना कामं मिळतील म्हणून. मी भर ग्रामसभेत उभी राहून त्यांचंच जुनं पत्रक वाचून दाखवलं. ते उठून गेले. त्यानंतर फोन फक्त आईला.

पण रोज सातनंतर पाच मिनिटांत ग्रुपवर त्यांच्या उत्तराचा आकडा यायचा. ३. किंवा १. बाकी काही नाही. उठले, चहा झाला, एवढं मला कळायचं. त्यानं काही वाटायचं असं म्हणता येणार नाही. मी बघायचे आणि डबा भरायला लागायचे.

एका मंगळवारी मी विचारलं, पोर्तुगिजांनी तटबंदी घातलेलं चौल म्हणजे आजचं कोणतं गाव? चौल, रेवदंडा, कोर्लई की अलिबाग? आबांनी २ लिहिलं. इतर सगळ्यांनी १. संध्याकाळी मी उत्तर दिलं: १, चौल.

"गुरुजींची विकेट पडली!"

"गुरुजी, रेवदंड्याला एवढी वर्षं नोकरी केलीत नि चौल इसरलात व्हय?"

खाली हसरे चेहरे. आबांनी नुसता अंगठा टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांचा आकडा वेळेवर आला.

शुक्रवारी आईचा फोन. "अगं, ह्यांनी कपाट उपसलंय त्या तुझ्या चौलपायी. म्हणतात, उत्तर रेवदंडाच. म्हटलं, टाका की ग्रुपवर. तर म्हणतात, तिचा प्रश्न हाय, ती बघंल."

प्रश्न ज्यातून काढायचे ते पुस्तक मी उघडलं. प्रकरणाचं नाव चौल होतं, मी तेवढंच उतरवलं होतं. खाली स्पष्ट लिहिलं होतं की पोर्तुगिजांचं चौल खाडीच्या तोंडाशी होतं आणि त्यालाच आज रेवदंडा म्हणतात. त्या तटावर बसून मी शाळेत असताना चिंचा खाल्ल्या होत्या. दुसऱ्या कोणी एकट्यानं २ लिहिलं असतं तर मी तपासलं असतं.

आमच्या घरी चूक दुरुस्त करायची रीत ठरलेली. पत्रकात चूक राहिली तर आबा नवं छापत नसत. वाटलेल्या प्रती घरोघर जाऊन मागायचे, त्या त्या घराच्या उंबऱ्यात उभं राहून पेनानं दुरुस्त करायचे, खाली सही करायचे. लोकांपुढं चुकलं तर लोकांपुढंच खोडायचं. बरोबर मी असायचे, पेनाचं टोपण सांभाळत.

मी टाइप केलं: 'मंगळवारचं उत्तर चुकलं. बरोबर उत्तर रेवदंडा. ते फक्त माझ्या वडिलांनी दिलं होतं.' मग बराच वेळ तसंच ठेवलं. हे वाचून मी ग्रामसभेतलंही मागे घेतलं, असं गाव धरून चालणार होतं. ते मला मागे घ्यायचं नव्हतं. आजही नाही. तरी पाठवलं, आणि रविवारी एस.टी. धरली, कारण सही करायला जावं लागतं.

आबा पडवीत पेपर वाचत होते.

"आबा, उत्तर तुमचं बरोबर होतं."

"हां. वाचलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर भांडली असतीस. पुस्तक उघडलं नसतंस."

आई आतून म्हणाली, "दारातच ठराव पास करताय का? भात निवतोय."

मी चपला काढल्या. "रिसॉर्टचं पत्रक मात्र चूकच होतं."

"मला न्हाय वाटत."

"पुढच्या ग्रामसभेत मी परत तुमचं जुनंच पत्रक वाचीन."

"वाच की." त्यांनी पेपरची घडी घातली. "पण दुसरा परिच्छेद गाळू नकोस. मागच्या खेपेला गाळलास."

गाळला होता. किनारा राखायचा तर गावात आधी दुसरं काम आणा, असं त्यात होतं. तेव्हा तो मला अडचणीचा वाटला होता. एवढ्या आवाजात कोणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. लाज वाटली का? आठवत नाही. पाय धुतले, एवढं आठवतं.

"त्या जुन्या पत्रकाची प्रत आहे का?" मी विचारलं.

"जेवून देतो," ते म्हणाले.